चढाचा वारसा, उताराची कमाई

नाशिकच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या आम्हा अर्जनवीसांमध्ये स्वतःच्याच अर्जाचा पराभव करून दाखविलेला मी एकटा आहे, हे प्रारंभीच नमूद करून ठेवतो. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि दोन तपांहून अधिक काळ मी लोकांची गाऱ्हाणी कागदावर उभी करीत आलो आहे. देवळ्याच्या कांदेवाल्याची अडलेली वीजजोडणी असो, सायखेड्याला पुराच्या पाण्याने नेलेला बांध असो किंवा घोटीच्या भातगिरणीच्या हद्दीचा तंटा असो, माझ्या हातचा अर्ज वाचून ‘हा लिहिला कोणी?’ असे साहेबमंडळींनी शिपायाकरवी विचारून पाठविल्याचे प्रसंग आहेत. ते सर्व येथे देत बसत नाही. त्या सर्वांहून जो मला अधिक मोलाचा वाटतो, तेवढाच सांगतो.

तत्पूर्वी आमच्या धंद्याचे दोन रिवाज सांगणे अगत्याचे आहे. ज्या वृद्ध अर्जनवीसांच्या हाताखाली मी अक्षर घटवले, त्यांनी ते मला घालून दिले. पहिला असा, की समोरच्या स्टुलावर जो येऊन बसेल त्याचा अर्ज लिहायचा. वकील पक्ष घेतो. आपण पक्ष घेत नाही, शब्द देतो. एकाच भांडणातल्या दोन्ही बाजू आपल्याकडे आल्या, तर दोघांनाही सारख्याच तोलाचे शब्द द्यायचे. मात्र एकाने स्टुलावर सांगितलेले दुसऱ्याच्या कानी जाऊ द्यायचे नाही. दुसरा रिवाज असा, की सही होण्यापूर्वी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ज्याचा अर्ज आहे तो जेथे अडेल तेथे आपण थांबायचे. हल्ली संगणकावर अर्ज काढून देणारी मंडळी हे करीत नाहीत. मी संगणक घेतल्यावरही वाचून दाखवतो. त्यामुळे माझ्या टेबलाभोवती श्रोते उभे राहतात, हा भाग वेगळा.

गेल्या हिवाळ्यात म्हसरूळच्या बाजूला, चामरलेणीच्या डोंगरावर मुलींची एक शर्यत झाली. पायथ्यापासून पळत निघायचे, माथ्यावरच्या निशाणाला वळसा घालायचा आणि पुन्हा पायथ्याला यायचे. पहिल्या येणाऱ्या मुलीला एका क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळणार होता. राहणे, शिक्षण आणि शर्यतींची तयारी, सर्व एका छताखाली. अशी जागा एकच होती.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पेठ तालुक्यातले एक गृहस्थ आपल्या भाचीला घेऊन माझ्याकडे आले. डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवणारे, अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी. भाची पंधरा वर्षांची. शर्यतीत तीच दुसरी आली होती. तिने चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या, कारण दोन्ही टाचांना फोड आले होते.

“भाऊसाहेब,” मामा स्टुलावर बसता बसताच म्हणाले, “पयली आली ती देवळाली कॅम्पातली. पन मूळची लडाखची. आता मला सांगा, ती लोकं कुठल्या उंचीवरची! तिथं हवा बी पुरत नाय म्हणत्यात. तशी पोर हितं खाली आणून पळवायची म्हंजी बैलांच्या शर्यतीत घोडा सोडल्यावानी झालं का नाय?”

“मामा, जाऊ दे ना,” भाची रस्त्याकडे पाहत म्हणाली.

“तू गप. एकच जागा हाय ती. तुझ्या बापानं कामाच्या दिसात तुला पळायला सोडलं ते काय उगाच?”

मामांचे म्हणणे एका वाक्याचे होते. त्याचे अर्जात रूपांतर करणे हे माझे काम. माझ्या पत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्रांची कात्रणे असतात. त्यांत हिमालयाच्या पठारावरील माणसांविषयी एक कात्रण होते. तेथील लोकांच्या अंगी एक विशिष्ट जनुक असून त्याच्यामुळे ते विरळ हवेत सुखाने राहू शकतात, असा त्यातला मजकूर. तो मला पूर्ण समजला आहे, असा माझा त्या वेळी समज होता. मी बाह्या सारल्या आणि लिहिले:

‘सदर स्पर्धक हिचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या विरळ हवेत राहिलेले असल्याने तिच्या रक्तातच जनुकीय स्वरूपाची अशी एक शक्ती आहे, जी सपाटीवरील मुलींस कितीही परिश्रमाने प्राप्त होणे नाही. सदर स्पर्धक हिने त्या जन्मजात शक्तीच्या बळावर चढावर आघाडी घेतली. सबब ही शर्यत समान पातळीवर झाली असे म्हणता येत नाही.’

रिवाजाप्रमाणे मी वाचून दाखवू लागलो. मामा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. ‘चढावर आघाडी घेतली’ येथे मात्र भाचीने प्रथमच माझ्याकडे पाहिले.

“चढावर नाय,” ती म्हणाली. “चढावर मीच फुडं व्हते.”

“तुला अर्जातलं काय कळतं?” मामा खेकसले.

“अर्जातलं नाय कळत. डोंगरावर मी व्हते ना.”

ज्याचा अर्ज तो अडला, की आपण थांबायचे. मी ‘चढावर’ हा शब्द काढला आणि तेथे ‘शर्यतीत’ असा घातला. मामा म्हणाले, शेवटी तेच ना. मुलीने सही केली, पण ती करताना तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

अर्जाचा परिणाम माझ्या अपेक्षेहूनही मोठा झाला. निवड समितीने निकाल स्थगित केला, देवळालीच्या मुलीकडे खुलासा मागितला आणि पुढच्या आठवड्यात सुनावणी ठेवली. मामांनी मला नागलीच्या पापडांचा डबा आणून दिला. त्या दिवशी मी शेजारच्या मुद्रांकविक्रेत्याला माझा मसुदा पुन्हा एकदा वाचून दाखवला.

आणि दोनच दिवसांनी देवळाली कॅम्पातले वडील माझ्या स्टुलावर येऊन बसले.

ते लेहच्या पलीकडच्या एका खेड्यातले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी देवळालीत लोकरीच्या कपड्यांचे दुकान घातले होते. पाठ ताठ, आवाज हळू, मराठीत हिंदी मिसळलेली. शेजारी त्यांची मुलगी उभी होती. सतरा वर्षांची, आणि बोलायला पक्की नाशिककर.

“साहेब, सगळे बोलतात तुमच्यासारखा कागद कोणी लिहित नाही,” असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे समितीची सूचना आणि सोबतची आक्षेपाची प्रत ठेवली. माझेच स्वल्पविराम माझ्याकडे पाहत होते.

लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, “हा आक्षेप मीच लिहिलेला आहे.”

ते उभे राहिले. “म्हणजे माझ्या मुलीचं खून खराब आहे, हे तुम्ही लिहिलं?”

“खराब नव्हे. श्रेष्ठ आहे, असे लिहिले.”

“फरक काय साहेब? निकाल तर रोखला ना?”

मी आक्षेपाची प्रत पालथी करून ठेवली. मुद्रांकविक्रेता पलीकडून म्हणाला, “भाऊसाहेब, आता स्वतःवरच नोटीस काढा!” मुलगी मात्र हसली. तिने वडिलांचा हात धरून त्यांना खाली बसवले.

“पप्पा, बसा. ज्यांनी लिहिलंय, त्यांनाच खोडायला लावू.” मग ती माझ्याकडे वळली आणि तिचे हसू गेले. “काका, पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. ही जागा गेली तर मग दुकानात स्वेटरच्या घड्या घालायच्या. मला घड्या घालायचा राग नाही. पण मी पळते.”

मी कोरा कागद घेतला. या मुलीची जागा माझ्याच शब्दांनी अडवली होती, आणि ती मोकळी करण्याइतके जड शब्दही नाशिकमध्ये अन्य कोणाकडे नव्हते. ही बढाई नव्हे. दोन्ही कागद ज्यांनी वाचले त्यांनी पुढे तसे म्हटलेले आहे.

पेठच्या मुलीने स्टुलावर सांगितलेले मला उच्चारता येत नव्हते. म्हणून मी या मुलीलाच विचारले, “तू पुढे कोठे गेलीस?”

“उतारावर,” ती लगेच म्हणाली. “चढावर ती पेठची पुढे होती. मी तर निशाणापाशी नुसत्या धापा टाकत होते. मला वाटलं, जागा गेली आता.”

“आणि उतारावर काय झाले?”

“उतार मला येतो. उन्हाळ्यात आजोबांकडे जायचे ना, तिथे शेळ्यांमागे खाली पळायचं. सगळे सुटे दगड. दगड सरकायच्या आत पाय उचलायचा, एवढंच.”

“एवढंच!” वडील म्हणाले. “गुडघे फोडशील म्हणून मी ओरडत होतो. फोडले पण.” मुलीने ढोपरावरचे जुने व्रण दाखवले, एखाद्याने पदके दाखवावीत तसे.

मग वडील फौजेतल्या आठवणी सांगू लागले. सपाटीवरचे जवान वर आले की त्यांना आधी काही दिवस नुसते बसवून ठेवत. तरी कोणाचे डोके ठणकायचे, कोणाचे ओठ निळे पडायचे. अशांची ओझी हे आपल्या पाठीवर घेऊन चालत. “वर मी शेर, साहेब. पण देवळालीला बदली झाली, आणि सकाळच्या दौडीत मी मागून पहिला. पंजाबचे, साताऱ्याचे पोरं पुढे निघून जायचे. दौड घेणारा उस्ताद विचारायचा, पहाडी असून असा कसा? आणि ही छोटी होती, पहिल्या मे महिन्यात हिच्या नाकातून रक्त आलं. ते ताकद असलं तर इथे कुठे गेलं?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे शास्त्रीय उत्तर मिळवण्यासाठी मी एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतात; त्यांच्या सोसायटीच्या पाण्याचा अर्ज मी लिहिला होता, त्यामुळे ओळख होती. त्यांनी माझा आक्षेप वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“भाऊसाहेब, भाषा काय सुंदर आहे हो तुमची. आणि मजकूर चुकीचा.”

“कोठे?”

“तुम्ही समजलात की या लोकांच्या रक्तात काहीतरी जास्त आहे. उलट आहे. तुम्ही-आम्ही लेहला गेलो की शरीर घाबरतं. प्राणवायू कमी पडतोय म्हणून घाईघाईने तांबड्या पेशी वाढवायला लागतं. फार वाढल्या की रक्त काकवीसारखं दाट होतं आणि मग हृदयाला ते ढकलणं जड जातं. या लोकांचं शरीर घाबरत नाही. त्यांचं रक्त तेवढ्या उंचीवरही बरंचसं आपल्या इथल्यासारखंच राहतं. श्वास ते जास्त घेतात, रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात. म्हणून तिथे त्यांच्या बायकांची बाळंतपणं आपल्यापेक्षा नीट होतात, मुलं वजनाने बरी जन्मतात. ज्यांना हे जमलं त्यांची मुलं जगली. हजारो वर्षं असंच चाललं. निसर्गाने निवड केली ती अशी, पाळण्यात.”

“मग जास्त रक्तवाले कोणीच नाहीत?”

“आहेत की. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्यात तांबड्या पेशी अधिक असतात. इथिओपियाच्या पठारावरच्यांचा आणखी तिसरा. उंची साधारण एकसारखी, पण उत्तरं वेगवेगळी. आणि गंमत ऐका. हिमालयातल्या या लोकांना ते जनुक बहुधा एका जुन्या मानवजातीकडून आलंय. ती जात आज पृथ्वीवर नाही. पण कधीकाळी त्यांचा आणि आपल्या पूर्वजांचा संकर झाला, आणि हे मागे राहिलं.”

मी ताडकन उभा राहिलो, असे बाई आजही सर्वांना सांगतात. उभा राहण्याचे कारण होते. आयुष्यभर मी वारसनोंदींचे अर्ज लिहिले. निपुत्रिक चुलत्याची जमीन, दत्तकाचा हक्क, परागंदा भावाचा हिस्सा. पण संपूर्ण कुळच नामशेष व्हावे आणि त्याची मिळकत मात्र दुसऱ्या कुळाने हजारो वर्षे कसत राहावे, असे वारसाप्रकरण माझ्या ऐकण्यात नव्हते. कोणत्याही तलाठ्याने अशी नोंद केलेली नाही, आणि तरी ती प्रत्येक मुलाच्या अंगात बिनचूक उतरत आली.

“बाई,” मी म्हणालो, “मग ही वडिलोपार्जित मिळकत ज्या गावात आहे, त्याच गावात कसता येते. खरे ना?”

“म्हणजे?”

“लेहची जमीन नाशिकला आणून पेरता येत नाही.”

बाई हसल्या, पण जपून बोलल्या. “आपल्या उंचीवर त्याचा पळण्यात फायदा होतो असा पुरावा मला तरी माहीत नाही. एवढं लिहा. याहून जास्त लिहाल तर मी सही देणार नाही.”

मी तेवढेच लिहिले, आणि त्यांनी सही दिली.

खुलाशाचा मसुदा माझ्या सर्व लेखनात मी वरचा मानतो. पहिल्या कलमात मी म्हटले, की शर्यतीच्या नियमांत वय, रहिवास आणि निषिद्ध औषधे यांचा उल्लेख आहे, पूर्वजांचा नाही. उंच आईबापांच्या मुलास बास्केटबॉलमधून कोणी काढून टाकीत नाही. दुसऱ्या कलमात डॉक्टरबाईंचे म्हणणे. तिसरे कलम माझे स्वतःचे: ‘वारसाने मिळालेली मिळकत आणि स्वकष्टार्जित मिळकत यांत कायदा भेद करतो. सदर स्पर्धक हिला विरळ हवेचा वारसा असेल. परंतु ती ज्याच्या बळावर जिंकली तो उतार तिने स्वतः, पडून आणि गुडघे फोडून कमावलेला आहे.’ आणि शेवटी केवळ एक विनंती. समितीने दुसऱ्या आलेल्या स्पर्धकास इतकेच विचारावे, की आघाडी कोठे गेली.

वाचून दाखवताना वडील येथे अडले.

“ती का खरं सांगेल साहेब? ती गप्प बसली तर जागा तिला मिळते.”

“तुमच्या मुलीच्या सांगण्याला किंमत नाही, कारण लाभ तिचा आहे,” मी म्हणालो. “ज्याचे नुकसान होते त्याच्या तोंडचे वाक्यच टिकते.”

“आणि ती खोटं बोलली तर?”

मुलगी मध्येच म्हणाली, “नाही बोलणार. निशाणापाशी माझा पाय घसरला, तेव्हा तिने वळून बघितलं होतं, पडले का म्हणून. पप्पा, करा सही.”

वडिलांनी सही केली. पेठच्या मुलीने स्टुलावर काय सांगितले होते ते मला ठाऊक होते, पण ते माझ्यापाशीच राहिले. रिवाज तो रिवाज.

सुनावणी क्रीडांगणावरच्या कार्यालयात झाली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, थोडा वेळ वाचले आणि चष्म्यावरून पाहिले.

“आक्षेपात पाच ठिकाणी ‘सबब’ आणि खुलाशातही जागोजागी ‘सबब’. हा एकच हात दिसतो. कोणाचा?”

मी भिंतीशी उभा होतो. पुढे आलो. “दोन्ही माझेच, बाईसाहेब.”

मामा गर्रकन वळले. “आँ? भाऊसाहेब, तुमी आमचंबी लिवलं आन्‌ त्यांचंबी? एकाच भाकरीला दोन्हीकडनं भाजलं व्हय!”

“मामा, भाकरी दोन्ही अंगांनीच भाजावी लागते.”

कार्यालयात हशा पिकला; मामांच्या भाचीनेही तोंडावर ओढणी धरली. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. “तुमचे स्वतःचे मत काय?” त्यांनी विचारले.

“अर्जनवीसाला मत नसते. परंतु आक्षेप लिहिला तेव्हा मला अर्धे शास्त्र ठाऊक होते आणि खुलासा लिहिला तेव्हा पाऊण. सबब खुलासा अधिक वजनाचा आहे.”

आता बाईही हसल्या. मग त्यांनी पेठच्या मुलीला पुढे बोलावले आणि खुलाशातली शेवटची ओळ वाचून तोच प्रश्न केला. आघाडी कोठे गेली?

मुलगी उभी राहिली. तिने मामांकडे पाहिले, मग खाली. देवळालीच्या वडिलांनी दोन्ही मुठी मांडीवर आवळून धरल्या होत्या. त्यांची मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. मी आजवर किती विनंत्या लिहिल्या, पण समोर उभ्या असलेल्या एका पोरीच्या जिभेवर संपूर्ण अर्ज टांगून ठेवण्याचे धाडस पूर्वी केले नव्हते.

“बोल पोरी,” मामा अखेर म्हणाले. “जे हाय ते बोल.”

“निशाणापातुर मी फुडं व्हते,” ती म्हणाली. “चांगली फुडं. ही मागं हाफत व्हती, मला ऐकू येत व्हतं. उताराला तिनं मला टाकलं. मी टाचा रोवत उतरत व्हते. ही दगडावर पाय ठेवीतच नव्हती.”

समितीतले एक सद्‌गृहस्थ, ज्यांना माझा आक्षेप फार पटला होता, पुढे वाकले. “म्हणजे जिथे दम लागतो, त्या चढावर तू सरस होतीस?”

“व्हय. आमच्याकडं उन्हाळ्यात पानी आनायला दरीत जावं लागतं. भरला हंडा घेऊन चढच चढायचा असतो. रिकामं उतरताना कोन पळतंय?”

“मग तुझा आक्षेप नक्की कशाला आहे?”

“माझा नाय. मामाचा हाय.”

पुन्हा हशा झाला, पण मामा त्यात नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटले ते भाचीवर रागावणार. ते उभे राहिले आणि अध्यक्षबाईंना म्हणाले, “पोरगी खरं बोलली. आता मी काय बोलू? माझा अर्ज माघारी द्या. पन एक करा बाई. चढाला आमचीच फुडं व्हती, हे कागदावर लिवून ठेवा.”

अध्यक्षबाईंनी ते इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतले. नंतर त्यांनी निकाल वाचला. आक्षेप निकाली, पहिला क्रमांक कायम, वसतिगृहातली जागा देवळालीच्या मुलीची. वाचताना त्यांनी माझे तिसरे कलम जसेच्या तसे घेतले होते, गुडघ्यांसह. वडिलांनी उठून, टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकला. माझ्यासारख्या खुर्चीत बसून आयुष्य काढलेल्या माणसाला फौजी सलाम कसा स्वीकारायचा ते माहीत नसते. मी दोन्ही हात जोडले.

बाहेर क्रीडांगणाच्या प्रेक्षक-गॅलरीला उंच पायऱ्या आहेत. आम्ही मोठी माणसे वर उभी राहून बोलत होतो. मामा देवळालीच्या वडिलांना विचारत होते, तुमच्याकडं भात होतो का, आणि वडील सांगत होते, नाही, जव होतो. तेवढ्यात मागून पेठच्या मुलीचा आवाज आला.

“ए, ते दाव ना. पाय कसा टाकतीस?”

“तुझ्या टाचा बऱ्या झाल्यात का?”

“बऱ्या व्हतील. माझी अजून दोन सालं हायेत शर्यतीची. पुढच्याला मी उतार शिकून येनार.”

देवळालीच्या मुलीने चपला काढल्या आणि ती वरच्या पायरीवर उभी राहिली. “खाली बघायचं नाही. पुढच्या दगडाकडे बघायचं. आणि भीती वाटली की थांबायचं नाही, उलट जोरात.” असे म्हणून ती निघाली, आणि पायऱ्यांवरून अशी उतरली की पावलांचा आवाजच आला नाही.

“अगं हळू!” मामा ओरडले, कारण त्यांची भाचीही निघाली होती. पहिल्या खेपेला तिने टाचा रोवल्या, अडखळली आणि कठड्याला धरून थांबली. “परत,” खालून दुसरी म्हणाली. ती चढून आली. चढताना तिला दमसुद्धा लागला नाही. दुसऱ्या खेपेला ती निम्म्यापर्यंत हलकी उतरली आणि मग घाबरली. “परत!” ती पुन्हा वर आली, ओढणी कमरेला खोचली, आणि या वेळी आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता सुटली. टाच एकदाही टेकली नाही. खाली पोचल्यावर दोघीही आपापल्या बोलीत काहीतरी ओरडल्या. वरून काही कळले नाही, पण मामा हसत होते, वडील हसत होते, आणि मामा मला म्हणाले, “भाऊसाहेब, पुढच्या साली आक्षेप आला तर आमचा खुलासा तुमीच लिवायचा बरं का.”

“अवश्य,” मी म्हणालो, “आणि आक्षेपही.”